हायब्रिड लक्झरी एसयूव्हीची टेस्ट ड्राइव्ह: वरूड-काटोलकडच्या माणसाने ती कशी घ्यावी

माझी पहिली टेस्ट ड्राइव्ह बारा मिनिटांत संपली. नागपुरात वर्धा रोडच्या उड्डाणपुलावरून जाऊन परत आलो. सेल्समनने सनरूफ उघडून दाखवलं, पाठीला मसाज करणारी सीट सुरू केली, गाणं लावलं. हसत हसत गावी आलो तर पारावर बसलेल्या काकाजींनी एकच विचारलं, "आपल्या नाल्याच्या रपट्यावरून निघते का ते?"

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहतं. मला सांगता येईना. गाडी हायब्रिड आहे एवढंच माहीत होतं. कोणत्या प्रकारची हायब्रिड, स्टेपनी आहे का, आई मागच्या सीटवर चढू शकेल का, यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. मृग बहाराचा संत्रा नुकताच उतरला होता, हिशोब हाती होता, आणि मी त्या गुंगीत टोकन द्यायला निघालो होतो. पुढच्या दोन महिन्यांत आणखी चार टेस्ट ड्राइव्ह घेतल्या, शेवटची भर मे महिन्यात आमच्याच रस्त्यावर. त्या धावपळीत जे समजलं ते क्रमाने लिहितो. तुम्ही धामणगावचे असा की दारव्ह्याचे, रस्ते आणि ऊन सारखंच आहे.

१. घरीच ठरवा: कोणती हायब्रिड?

शोरूममध्ये "सर, हायब्रिड आहे" असं म्हणतात आणि आपण मान हलवतो. तिथेच थांबवा. तीन वेगवेगळ्या गोष्टींना हे एकच नाव आहे.

माइल्ड हायब्रिडमध्ये ४८ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती इंजिनाला जोर देते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन गुपचूप सुरू करते, पण नुसत्या विजेवर गाडी ओढत नाही. व्होल्वो एक्ससी६०ची पेट्रोल गाडी या प्रकारातली, आणि जर्मन कंपन्यांच्या बऱ्याच मोठ्या एसयूव्हीही. गाडी म्हणून चांगल्या आहेत, पण "अर्धी इलेक्ट्रिक" समजून घ्याल तर फसाल.

फुल हायब्रिड, ज्याला स्ट्राँग हायब्रिडही म्हणतात, थोडं अंतर इंजिन बंद ठेवून जाते. बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या जोरावर भरते. प्लग लावायची भानगड नाही. लेक्ससच्या एनएक्स ३५०एच आणि आरएक्स ३५०एच या अशा. आपल्याकडे दिसणारी इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड याच जातीची आहे. म्हणून तालुक्यात कोणाकडे ती असेल तर शोरूमच्या आधी त्याच्याकडे चहाला जा. दोन वर्षं वापरणारा माणूस जे सांगतो ते ब्रोशरमध्ये नसतं.

तिसरा प्रकार प्लग-इन. बॅटरी मोठी, घरी चार्ज करायची, रोजचं बरंच अंतर विजेवर. बीएमडब्ल्यू एक्सएम किंवा रेंज रोव्हरची प्लग-इन गाडी ही उदाहरणं. किंमत कोटीच्या वर, पण गावातल्या माणसाने आधी घरचं मीटर बघावं. सॉकेटला नीट अर्थिंग आहे का? व्होल्टेज संध्याकाळी किती उतरतं? आमच्याकडे सात वाजता मिक्सर रडतो, तिथे ही गाडी काय चार्ज होणार! आणि एक सापळा खास आपल्यासाठी: वावरातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. शेतीच्या दराची वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायद्यात तो अनधिकृत वापर ठरतो आणि बिल मागच्या हिशोबाने अंगावर येतं. प्लग-इन घेऊन कधीच प्लग न लावणारेही लोक आहेत. ते फक्त जड बॅटरीचं ओझं फिरवतात.

आता एक कडू गोष्ट. फुल हायब्रिडचा खरा फायदा थांबत-चालत जाण्यात आहे, म्हणजे शहरात. एकसारख्या ९०-१०० च्या वेगाने हायवेवर गेलं की जास्त वेळ इंजिनच चालतं आणि पेट्रोलची बचत कमी होते. आपलं निम्मं चालवणं असंच असतं: गाव ते नागपूर, गाव ते अमरावती. त्यामुळे शोरूमवाला शहरात जो अ‍ॅव्हरेजचा आकडा दाखवेल तो तुमचा आकडा नव्हे.

२. फोनवरच चार गोष्टी पक्क्या करा

वरूडहून नागपूर म्हणजे शंभरेक किलोमीटर. तिथे जाऊन "सर, डेमो गाडी आज सर्व्हिसला गेली" ऐकायचं नसेल तर निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करा. माझा एक फेरा असाच वाया गेला.

विचारायचं हे. डेमो गाडी हायब्रिडच आहे ना? एका मॉडेलची साधी पेट्रोल गाडी आणि हायब्रिड बाहेरून सारखी दिसते, आणि "इंजिन फील सेम आहे सर" म्हणून भलतीच हातात देतात. व्हेरिएंट तुम्ही घेणार तोच आहे का? डेमोला बहुतेक सगळ्यात महागडी गाडी ठेवतात. तिचं सस्पेन्शन वेगळं, चाकं वेगळी. तुम्ही खालचा व्हेरिएंट घेतलात तर अनुभवही वेगळा. तिसरं, किती किलोमीटर चालवू देणार? पाच म्हणाले तर पंचवीस मागा, पंधरावर तडजोड होते. चौथं, वेळ. सकाळी दहाची वेळ देतात, कारण तेव्हा ऊन नसतं. तुम्ही दुपारी दोनची घ्या. का ते पुढे येतं.

शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी दुपारी शोरूम रिकामं असतं आणि तुमच्यासोबत बसायला माणसाला वेळ असतो.

३. सोबत काय घ्यायचं

- मूळ ड्रायव्हिंग लायसन्स, किंवा डिजिलॉकरवरचं. मुदत बघून घ्या. चाळिशी-पन्नाशीत नूतनीकरण राहून गेलेले आपल्याकडे पुष्कळ. लर्निंगवर देत नाहीत, आणि फक्त ट्रॅक्टरचं लायसन्स कार चालवायला चालत नाही.
- आधार कार्डाची प्रत. झेरॉक्सवर "फक्त टेस्ट ड्राइव्हसाठी" असं लिहून तारीख टाका.
- मोजायचा टेप. वावरात असतो तोच, साधा स्टीलचा.
- वही आणि पेन. मोबाइलवर लिहीन म्हणाल, पण मोबाइल फोटो काढण्यात गुंततो.
- घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात जाड माणूस. हे गंमत म्हणून सांगत नाही.
- नेहमीचं सामान: एखादं संत्र्याचं कॅरेट, औषधाचा डबा, जे तुमच्या गाडीत रोज जातं ते. रिकामं कॅरेट स्वच्छ धुऊन न्या.

पॅन कार्ड आणि चेकबुक घरी ठेवा. त्याचं कारण शेवटी.

४. शोरूममध्ये पाय ठेवल्यावर

एका ठिकाणी, नाव सांगत नाही, दारातल्या मुलाने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब मागून येताहेत का?" त्याला मी ड्रायव्हर वाटलो. राग आला. मग म्हटलं, "साहेबच चालवत आले, पाणी दे भाऊ." तो ओशाळला आणि त्यानंतर त्याच्याइतकी नीट माहिती कुणी दिली नाही. असं झालं तर भांडू नका, आणि मुद्दाम कडक इस्त्रीचे कपडे घालूनही जाऊ नका. रोज ज्या कपड्यात गाडी चालवता त्यात जा. पांढऱ्या लेदरवर काळी माती कशी दिसते हेही कळतं.

मग एक फॉर्म पुढे येईल. "फॉर्मॅलिटी आहे सर, इथे सही." वाचल्याशिवाय करू नका. गाडीला काही झालं तर विम्यात न बसणारी रक्कम ग्राहकाने भरायची, अशी ओळ त्यात असू शकते. लक्झरी गाडीचा पुढचा एक दिवा फुटला तरी खर्च मोठा असतो. किती रकमेपर्यंत जबाबदारी तुमची, हे विचारा आणि फॉर्मवरच लिहून घ्या. गाडीभोवती एक फेरी मारून आधीचे ओरखडे मोबाइलमध्ये टिपा, सेल्समनसमोरच.

नंबर प्लेट बघा. डेमो गाडी एकतर डीलरच्या नावावर रीतसर नोंदलेली असते, नाहीतर ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे न नोंदलेली गाडी चालवायच्या डीलरच्या परवान्यावर, लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांची. कागदाची पिवळी तात्पुरती पाटी असेल तर मुदत विचारा. विमा चालू आहे का, हेही. रस्त्यात पोलिसाने थांबवलं तर स्टिअरिंगवर तुम्ही असता.

५. बटण दाबण्याआधीची वीस मिनिटं

चालवण्याइतकंच काम उभ्या गाडीपाशी असतं, आणि तेच सगळे वगळतात.

टेप काढा. बंपरखाली आणि मधल्या सगळ्यात खालच्या प्लास्टिकपासून जमिनीपर्यंत मोजा. ब्रोशरमधला ग्राउंड क्लीअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा असू शकतो, म्हणून पाच माणसं बसवून पुन्हा मोजा. आमच्या एका गाडीत जवळजवळ तीन बोटांचा फरक पडला. काटोल रोडवरच्या गावांतले स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिलेत त्यांना तीन बोटांची किंमत माहीत आहे.

टायर वाचा. समजा त्यावर २३५/५० आर २० लिहिलंय. म्हणजे टायरच्या बाजूची उंची २३५ च्या निम्मी, पावणेबारा सेंटीमीटर. तुमच्या बोलेरोच्या २१५/७५ आर १५ ला ती सोळा सेंटीमीटर आहे. ही जी सव्वाचार सेंटीमीटरची हवा कमी झाली, ती खड्ड्यात तुमच्या रिमला सोसावी लागते. खालच्या व्हेरिएंटला लहान चाकं असतील तर आपल्या रस्त्यांना तीच बरी. दिसायला कमी, पण टायर जाड.

डिक्कीची लादी उचला. स्टेपनी आहे का? पूर्ण मापाची की बारीक कामचलाऊ? काही लक्झरी गाड्यांत स्टेपनीच नसते. हवा भरायचा पंप आणि फेसाची बाटली देतात, किंवा पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर जाणारे टायर असतात. रात्री अकराला जलालखेड्याच्या अलीकडे टायरची कड चिरली तर फेसाच्या बाटलीने काय होणार? आमच्या पंक्चरवाल्याला मी मुद्दाम फोटो पाठवला. तो म्हणाला, "भाऊ, चिकटवून देतो, पण टायर फाटला तं नागपूरच."

मागची सीट नीट बघा. काही फुल हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड ठेवायला हवा आत घेणारी जाळी सीटच्या खाली किंवा बाजूला असते. दिसायला साधी एसीची जाळी. तिच्यासमोर चादर, पिशवी, कॅरेट टेकवलं की बॅटरी तापते. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत गाडीत कापसाचे धागे उडत असतात, आणि धूळ तर बारमाही. जाळी कुठे आहे, फिल्टर आहे का, तो किती दिवसांनी साफ करायचा, हे दाखवायला लावा. माझ्या सेल्समनला जाळी सापडायला पाच मिनिटं लागली. शेवटी आमच्या सालदारानेच सीटखाली हात घालून सांगितलं, "हे पाहा साहेब, इथून वारा ओढते."

बॉनेट उघडायला सांगा. संत्र्याच्या रंगाच्या जाड केबल दिसतील. संत्रा पिकवणाऱ्याला रंग ओळखायला सांगायला नको, पण त्या केबलमध्ये फुल हायब्रिडला दोनशे व्होल्टच्या वर वीज असते. गावातल्या मिस्त्रीने त्यांना हात लावायचा नाही, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवावं लागेल. आणि उंदीर! गाडी कोठ्यात, ढेपेच्या पोत्यांशेजारी उभी राहणार असेल तर उंदराने वायर कुरतडली तर वॉरंटी लागते का, हे विचारा. उत्तर बहुतेक "नाही" असं येतं, मग निदान विम्यात बसतं का ते बघता येतं.

आता म्हाताऱ्या माणसाला मागे बसवा. आईने एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला लावला, नऊवारीचा काठ सावरला आणि म्हणाली, "कशी चढू मी याच्यात?" पायरी उंच होती. दुसऱ्या गाडीत ती सहज बसली, पण उतरताना गुडघा दाराच्या कडेला लागला. दोन्ही वेळा बघा, चढताना आणि उतरताना.

६. सुरू करणं: आवाज नाही म्हणजे बंद नाही

ब्रेकवर पाय, बटण दाबा. काहीच होणार नाही. आवाज नाही, थरथर नाही. समोर "रेडी" असं लिहिलेला दिवा लागतो, बस्स. मी पुन्हा बटण दाबलं आणि गाडी बंद केली. असं दोनदा झालं. "रेडी" दिसलं की गाडी चालायला तयार आहे, इंजिन झोपलेलं असलं तरी.

यातला धोका उलट बाजूने येतो. घरी आलात, आवाज नाही, गाडी बंदच आहे समजून उतरलात, तर ती "रेडी" असू शकते. लहान पोरगं आत खेळत असेल तर विचार करा. म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्येच मुद्दाम करून बघा: "रेडी"वर असताना दार उघडलं तर गाडी किती जोरात ओरडते?

हायब्रिडलाही साधी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही "रेडी" येत नाही. जम्प स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी सुरू करणं, कुठून करायचा, ती जागा दाखवून घ्या.

७. चालवताना काय बघायचं

पहिले पाच मिनिटं सेल्समनला आणि गाण्याला गप्प करा. नम्रपणे, पण करा.

गर्दीत. स्क्रीनवर ऊर्जा कुठून कुठे जाते ते दाखवणारं चित्र लावून घ्या. बाण बॅटरीकडून चाकाकडे जातोय की इंजिनाकडून, हे बघत हळू चाला. इंजिन सुरू होताना धक्का बसतो का? चांगल्या गाडीत कळत नाही. आईला मात्र उलटंच वाटलं. सिग्नलला शांतता झाली आणि ती मागून म्हणाली, "काहून रे, बंद पडली का?"

ब्रेक. हायब्रिडचा ब्रेक आधी मोटरने गाडी अडवतो, मग खरे ब्रेक लागतात. पायाखाली तो वेगळा लागतो, सुरुवातीला जरा लाकडी. २० च्या वेगावरून अगदी अलगद थांबून बघा. मान पुढे जात असेल तर सवय होईल का, याचा विचार करा. मला पहिल्या गाडीत झाली नाही, तिसरीत दोन किलोमीटरमध्ये झाली.

हायवेवर. ६० वर असताना पुढे ट्रक आहे, समोर रस्ता मोकळा, पूर्ण पाय दाबा. फुल हायब्रिडमध्ये इंजिन एकदम मोठ्याने ओरडतं आणि वेग नंतर येतोय असं वाटतं. डिझेलच्या दणक्याची सवय असलेल्याला ते खटकतं. गाडी पुढे जाते, पण कान फसतात, म्हणून कानावर न जाता वेगाच्या काट्याकडे बघा. चार माणसं आणि एसी असताना हे करा, एकट्याने नको. समृद्धी महामार्गावर नेऊ का म्हणून विचारलं तर सेल्समन नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे: मध्ये वळता येत नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं. अमरावती रोडवर वाडीच्या पुढे किंवा काटोल नाक्यावरून फेटरीपर्यंत गेलात तरी काम होतं.

आपोआप ब्रेक मारणारी, लेन सांभाळणारी यंत्रणा असते. शहराबाहेर ती सुरू ठेवून एकदा बघाच. पट्टे नसलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग उगाच ओढतं का? आडवी गाय आली तर काय करते, हे मुद्दाम करून बघू नका. फक्त यंत्रणा कशी बंद करायची आणि पुढच्या वेळी बटण दाबल्यावर ती पुन्हा आपोआप सुरू होते का, ते विचारा.

खराब रस्त्यावर. इथे सेल्समनचा चेहरा पडतो. "सर, डेमो गाडी आहे." मी म्हटलं, "विकत घेतल्यावर मी हिला पांदणीनंच नेणार ना?" पक्क्या रस्त्याच्या कडेची मुरमाची पट्टी चालते. १५ च्या वेगाने दोन चाकं खाली, दोन वर. दाराच्या रबरातून कुरकुर येते का, मागे बसलेल्याचं डोकं किती हलतं, हे मागच्या माणसालाच विचारा. मी तर एकदा सेल्समनला चालवायला देऊन स्वतः मागे बसलो. पुढे गादीसारखी वाटलेली गाडी मागे बंडीसारखी निघाली.

ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून काळ्या मातीत घालायचा विचार असेल तर सोडा. या गाड्यांमधली मागची मोटर ओल्या रस्त्यावर पकड द्यायला असते. जुलैत रेगडीचा चिखल चाकाला बसला की ही जड गाडी काढायला ट्रॅक्टरच आणावा लागतो, आणि ओढायचा हुक कुठे लावतात हेही तेव्हा शोधायला नको, आजच बघा.

८. दुपारी दोनची परीक्षा

हे फक्त आपल्याकडच्या माणसाने करायचं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा, सावलीत नको. मग सगळे बसा, एसी लावा, आणि मागच्या सीटवर गार हवा पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.

पुढची पायरी: सिग्नलला किंवा कडेला उभं राहा. फुल हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहायला हवी. माइल्ड हायब्रिडच्या काही गाड्यांत इंजिन थांबलं की दोन मिनिटांत हवा कोमट होते आणि इंजिन परत सुरू होतं. एका गाडीत आमचं असंच झालं. तेव्हा उभ्या गाडीत इंजिन दर काही मिनिटांनी किती वेळ चालतं, हे वहीत लिहा. दुपारच्या उन्हात मोंढ्यासमोर तासभर गाडीत बसणाऱ्याला हा हिशोब लागतो.

९. दुसरी टेस्ट ड्राइव्ह: तुमच्या रस्त्यावर

पहिल्या दिवशी निर्णय घेऊ नका. आवडलेल्या एका गाडीसाठी घरपोच टेस्ट ड्राइव्ह मागा. "इतक्या लांब नाही येत" असं ऐकू आलं तर अर्ध्यावर भेटा. आमची गाडी काटोलपर्यंत आली, तिथून मी वरूडच्या दिशेने चालवली.

त्या दिवशी एक गोष्ट दिसली जी नागपुरात दिसलीच नसती. पुढे एक बंडी चालली होती. गाडी विजेवर, चिडीचूप. बैलांना आणि बंडीवाल्याला आम्ही आलोय हे कळलंच नाही. मी शेजारून निघायला पाय दाबला आणि नेमकं तेव्हा इंजिन जागं झालं. डाव्या बैलाचे कान ताठ झाले, तो जुवासकट कडेला सरकला आणि बंडीचं चाक नालीच्या काठावर आलं. काही झालं नाही, पण बंडीवाल्याने जी शिवी दिली ती योग्यच होती. गावात शिरताना आता मी बंडीच्या बऱ्याच आधी एक हलका हॉर्न देतो. तुम्हीही त्या दिवशीच सवय लावा, शेळ्यांच्या कळपापाशी तर नक्कीच.

रपट्यापाशी थांबून मी काकाजींचा प्रश्न विचारला. सेल्समनने ऑफिसात फोन केला, किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते तो आकडा तिथून आला. तो मी मेलवर मागितला, कारण तोंडी आकड्याने इंजिनात पाणी जायचं थांबत नाही. टेपने रपट्याच्या खांबावरची पुराची खूण मोजली. श्रावणातल्या पाण्याला आकडा पुरत नव्हता. म्हणजे पाणी असेल त्या दिवशी ही गाडी पलीकडे उभी करून पायी यायचं, किंवा बोलेरो ठेवायची. आम्ही बोलेरो ठेवायची ठरवलं.

पेट्रोलचंही विचारा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यावर चालायला बनलेली आहे का, आणि किती ऑक्टेनचं मागते, हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतं.

१०. कोटेशन घ्या, टोकन नाही

चेकबुक घरी ठेवायला याचसाठी सांगितलं. चालवून उतरल्यावर माणूस विरघळलेला असतो आणि "आज बुकिंग केलं तर" सुरू होतं. कोटेशन लिहून घ्या आणि घरी या.

कागदावर या ओळी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांना, हायब्रिड असल्या तरी, ४० टक्के जीएसटी आहे, तो एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स: २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. सीए म्हणाला म्हणून फर्मच्या नावावर घेण्याआधी हा फरक मांडून बघा. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आधीच वसूल केलेला आयकर, घेतात. तो तुमच्या पॅनवर जमा असतो, पण परत हवा तर आयकर विवरण भरावं लागतं. फक्त शेतीचं उत्पन्न आहे म्हणून आपण ते भरत नाही आणि ८० लाखांच्या गाडीचे ८० हजार तसेच राहतात.

संत्र्याचे पैसे रोख आले असले तरी डीलर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ शकत नाही, कायद्यानेच. कुणी "तोडून तोडून देऊ" म्हणत असेल तर उठून या.

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर, आणि कोणत्या कारणाने रद्द होते, हे वेगळं लिहून मागा. गाडीच्या वॉरंटीत ती आपोआप धरू नका. सर्व्हिस नागपुरातच असेल तर गाडी नेऊन आणून देण्याचे पैसे कोण देणार? रस्त्यात बंद पडली तर ओढणारी गाडी तुमच्या गावापर्यंत येते का? ही गाडी चारही चाकं उचलून, सपाट ट्रकवरच न्यावी लागते का, तेही विचारा. आमच्याकडे क्रेनवाला पुढची दोन चाकं उचलून मोकळा होतो.

सेल्समन दर दोन दिवसांनी फोन करेल. त्याला एक तारीख सांगा. मी पोळ्यानंतरची सांगितली होती. त्याने वहीत "पोळा" लिहून घेतलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळी नऊला, आम्ही मटणाची तयारी करत असताना, बरोबर फोन केला.